उन्हाळ्याच्या तोंडावरचे हिम

दहावी-बारावीच्या परीक्षा संपण्याचा काळ आणि काश्मीरमधील गुलमर्गचा स्कीइंगचा हंगाम संपण्याचा काळ जवळजवळ एकच असतो. त्यामुळे मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गुलमर्गला निघालेल्या मराठी कुटुंबांत एक प्रश्न हटकून विचारला जातो : "तोपर्यंत तिथे बर्फ राहिलेला असेल का?"

प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. बर्फ बहुधा असतो. निदान उंचावर तरी असतो. मात्र जानेवारीत जो बर्फ दिवसभर सारखाच वागतो, तो वसंतात दिवसातून तीनदा रूप बदलतो. सकाळी आठ वाजता तो फरशीसारखा कडक असतो. दहा-अकराच्या सुमारास त्यावर स्की इतकी छान चालते की, नवशिक्यालाही आपण तरबेज झालो असे वाटावे. दुपारी दोन-तीन वाजता त्याचा चिखल झालेला असतो, आणि काही उतारांवर तो जीवघेणाही ठरू शकतो. तेव्हा "बर्फ आहे का?" याच्या जोडीला "किती वाजता?" आणि "काल रात्री आकाश कसे होते?" हे दोन प्रश्न विचारायला हवेत. हे प्रश्न का विचारायचे, याचे उत्तर तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे.

सुरुवातीला एका शब्दाचा उलगडा करू. मराठीत फ्रीजमधल्या खड्यालाही आपण बर्फ म्हणतो आणि आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत पदार्थालाही बर्फच म्हणतो. या लेखात दुसऱ्याला 'हिम' म्हणू. हिम म्हणजे बर्फाचे कण, त्यांच्यामधली हवा आणि वसंतात त्यांच्या जोडीला थोडे पाणी. या तिसऱ्या घटकामुळेच पुढचे सारे घडते.

सूर्य किती चढला?

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. नावाचा अर्थ 'फुलांचे कुरण'. ब्रिटिश अमदानीत, १९२७ साली, येथे स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला. आज गुलमर्गहून गोंडोला म्हणजे दोरावरून जाणारे पाळणे दोन टप्प्यांत वर जातात. पहिला टप्पा कोंगदोरीपर्यंत आहे. तो १९९८ साली सुरू झाला. दुसरा २००५ साली सुरू झाला आणि तो अफरवत पर्वताच्या खांद्यापर्यंत, म्हणजे सुमारे ३९५० मीटर उंचीपर्यंत नेतो.

गुलमर्गचा अक्षांश सुमारे ३४ अंश उत्तर. डिसेंबरच्या अखेरीस तेथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेबत्तीस अंश वर येतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तोच ६१ अंशांवर असतो. सपाट जमिनीवर पडणारे ऊन सूर्याच्या उन्नत कोनाच्या साइनच्या प्रमाणात असते. साइन ३२.५° = ०.५४ आणि साइन ६१° = ०.८७. म्हणजे मध्यान्हीचे ऊन सुमारे १.६ पट झाले. शिवाय दिवसही अडीच तासांहून अधिक मोठा झाला.

येथे एक गंमत लक्षात घ्या. स्कीइंगवरील बहुतेक पुस्तके युरोपातील आल्प्स पर्वत डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहेत. आल्प्सचा अक्षांश सुमारे ४६ अंश. तेथे मध्यान्हीच्या सूर्याला ६१ अंशांवर यायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडतो. म्हणजे आल्प्समधला मे आणि गुलमर्गमधला एप्रिलचा आरंभ हे सूर्याच्या दृष्टीने सारखे! त्या पुस्तकांतील "एप्रिलमध्ये असे असते" ही वाक्ये काश्मीरला जशीच्या तशी लावली, तर हिशेब महिनाभराने चुकेल.

घड्याळाचीही एक दुरुस्ती हवी. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि गुलमर्ग ७४.४ अंशांवर, म्हणजे बरेच पश्चिमेला आहे. त्यामुळे एप्रिलच्या आरंभी तेथे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, सुमारे १२ वाजून ३६ मिनिटांनी. सकाळही त्या मानाने उशिरा, सव्वासहाच्या सुमारास होते.

एकाच डोंगरावर दोन ऋतू

उंची वाढली की हवेचे तापमान उतरते. सरासरीने ते दर किलोमीटरला ६.५ अंश सेल्सिअस उतरते असे धरतात. गुलमर्ग आणि गोंडोलाचे वरचे टोक यांच्यात सुमारे १३०० मीटरचे अंतर आहे. १.३ × ६.५ = ८.५. म्हणजे खाली दुपारी १२ अंश असतील, तर वर साडेतीन अंशांच्या आसपास असतील.

याचा परिणाम पर्यटकाला लगेच दिसतो. हंगामाच्या शेवटी खालच्या कुरणात हिमाचे तुकडे-तुकडे उरलेले असतात, मधून गेल्या वर्षीचे पिवळे गवत डोके वर काढते आणि वाटेवर चिखल होतो. मधल्या टप्प्यावर सकाळी कडक आणि दुपारी ओले हिम असते. वरच्या टोकाला, विशेषतः सावलीच्या उतारांवर, अजून हिवाळाच चालू असतो. नवशिक्यांचे उतार साधारणपणे खालीच असतात, त्यामुळे उशिरा आलेल्या नवशिक्याची सर्वांत जास्त निराशा होते. पहिल्यांदाच स्की पायाला बांधणार असाल, तर एप्रिलपेक्षा फेब्रुवारी बरा, हे आधीच सांगितलेले चांगले.

रात्री काय घडते?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. दुपारी ओले झालेले हिम सकाळी कडक होते, ते रात्रीच्या थंडीने. पण येथे एक कोडे आहे. पुष्कळदा रात्रभर हवेचे तापमान शून्याच्या वर, दोन-तीन अंश असते. तरीही सकाळी हिम गोठलेले असते. हे कसे?

हा चमत्कार पाहायला काश्मीरला जायची गरज नाही. आपल्या महाबळेश्वरला कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाच्या काठी गवतावर आणि होड्यांच्या टपांवर दवबिंदू गोठल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. हवेत लावलेला तापमापक मात्र त्या वेळी शून्याच्या वरच असतो. कारण हे की, प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकत असते. रात्री आकाश निरभ्र असेल, तर बाहेर गेलेल्या उष्णतेच्या मानाने आकाशाकडून परत येणारी उष्णता कमी पडते, आणि उघडी वस्तू भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते.

हिम दिवसा पांढरेशुभ्र दिसते, पण अवरक्त किरणांच्या बाबतीत ते जवळजवळ काजळीसारखे, म्हणजे उत्तम उत्सर्जक आहे. आपण ठोकळ हिशेब करू. शून्य अंश सेल्सिअसच्या हिमाच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ३१५ वॅट शक्ती बाहेर पडते. निरभ्र, कोरड्या डोंगरी आकाशाकडून समजा २३५ वॅट परत येते. निव्वळ तोटा ८० वॅटचा. आठ तासांच्या रात्रीत हा तोटा होतो :

८० × ८ × ३६०० = सुमारे २३ लाख ज्यूल.

एक किलो पाणी गोठताना ३ लाख ३४ हजार ज्यूल अप्रकट उष्मा बाहेर पडतो. २३ लाखांना ३.३४ लाखांनी भागले की उत्तर येते सुमारे ७. म्हणजे एका रात्रीत दर चौरस मीटरमागे सात किलो पाणी गोठू शकते. ओल्या हिमाच्या आकारमानात ५ टक्के पाणी धरले, तर सात किलो पाणी साधारण १४ सेंटिमीटर जाडीच्या थरात असते. प्रत्यक्षात कवच याहून पातळ होते. कारण पृष्ठभाग शून्याखाली गेला की तोटा कमी होतो आणि वाराही थोडी उष्णता देतो. पण माणसाचे वजन सहज पेलेल असे कवच नक्कीच तयार होते.

आता आकाशात खालच्या थरातले दाट ढग आहेत असे समजा. ढग हे पांघरुणासारखे काम करतात. ते ३०० वॅट परत पाठवतात. तोटा उरला फक्त १५ वॅट. त्याच हिशेबाने गोठलेला थर अवघा अडीच सेंटिमीटर भरतो. सकाळी वरून सारे ठीक दिसेल, पण पाय ठेवला की कवच मोडून पाय आत जाईल.

म्हणून अनुभवी डोंगरी माणूस झोपण्यापूर्वी एकदा बाहेर येऊन वर पाहतो. चांदण्या लखलखीत दिसल्या, तर उद्याची सकाळ चांगली.

चांदणीपासून साबुदाण्यापर्यंत

हिमाचा ताजा कण सहा टोकांच्या नाजूक चांदणीसारखा असतो, हे तुम्ही चित्रांत पाहिले असेल. वसंतात ही चांदणी फार दिवस टिकत नाही. ओल्या हिमात लहान कण आणि कणांची टोकदार टोके आधी वितळतात; कारण फार वक्र पृष्ठभागाचा द्रवणबिंदू किंचित, अगदी किंचित कमी असतो. ते पाणी शेजारच्या मोठ्या कणांवर गोठते. मोठा मासा लहान माशाला गिळतो, तशीच ही गोष्ट. रात्री गोठणे आणि दिवसा वितळणे असे काही दिवस चालले की सारे हिम गोल, टपोऱ्या, काही मिलिमीटरच्या दाण्यांचे बनते.

स्की करणारे याला 'कॉर्न स्नो', म्हणजे मक्याच्या दाण्यांचे हिम म्हणतात. आपल्याला भिजवलेला साबुदाणा किंवा चांगले कढवलेले रवाळ तूप आठवले तर चित्र अधिक चटकन डोळ्यांपुढे येईल. आपण त्याला 'रवाळ हिम' म्हणू. रात्री दाणे एकमेकांना बर्फाने जोडलेले असतात, म्हणून पृष्ठभाग कडक. सकाळच्या उन्हाने वरच्या तीन-चार सेंटिमीटरमधले सांधे सुटतात आणि दाणे मोकळे होतात. पण खालचे कवच अजून घट्ट असते. पक्क्या जमिनीवर रव्याचा पातळ थर पसरावा, तशी ही स्थिती. स्की रुतत नाही, वळवली की सहज वळते आणि थांबवली की थांबते. वसंतातल्या स्कीइंगचे सारे सुख या दीड-दोन तासांत आहे.

सकाळचा जमाखर्च

हे दीड-दोन तास नेमके केव्हा येतात? रात्री २३ लाख ज्यूल खर्ची पडले होते. ते भरून निघाले की कवच संपले. सकाळी उशिराचे ऊन दर चौरस मीटरवर समजा ७०० वॅट आहे. जुने, रवाळ हिम त्यातला सुमारे ६० टक्के प्रकाश परतवते. उरलेले २८० वॅट शोषते. अवरक्त किरणांचा ८० वॅटचा तोटा दिवसाही चालूच असतो. शिल्लक २०० वॅट. २३ लाख भागिले २०० म्हणजे ११,५०० सेकंद, सुमारे सव्वातीन तास.

भरपूर ऊन लागल्यापासून पहिला तास वरचे दाणे सुटण्यात जातो, पुढचा दीड-दोन तास उत्तम आणि सव्वातीन तासांनंतर कवचाचा आधार संपतो, असा हा हिशेब. ताज्या हिमावर हे इतक्या वेगाने घडत नाही. ते ८० ते ९० टक्के प्रकाश परतवते, म्हणून फार थोडा शोषते. जुन्या हिमाचे दाणे मोठे, त्यात धूळ आणि पाणी. ते दुप्पट-तिप्पट ऊन शोषते. वितळल्याने ते काळवंडते आणि काळवंडल्याने अधिक वितळते.

उताराचे तोंड कोणत्या दिशेला आहे, यावरही वेळ ठरते. पूर्वेकडे तोंड असलेल्या उताराला सकाळीच थेट ऊन मिळते. तो आधी मऊ होतो. मग दक्षिणेकडचा, आणि शेवटी पश्चिमेकडचा. उत्तरेकडचा उतार कधी दिवसभर कडकच राहतो. हुशार स्कीपटू सूर्याच्या मागोमाग उतार बदलत जातो. गोंडोला आणि इतर पाळणे किती वाजता सुरू होतात हे मात्र आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. उत्तम वेळ रांगेत उभे राहण्यात जाऊ नये.

स्की घसरते का, आणि अडते का?

दहावीच्या विज्ञानात 'पुनर्हिमायन' शिकवतात. बर्फाच्या लादीवर वजन बांधलेली तार ठेवली की दाबाने तारेखालचा बर्फ वितळतो, तार आत शिरते आणि वरचे पाणी पुन्हा गोठते. स्कीखालीही असेच होत असेल, असा तर्क १९०१ साली ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी मांडला होता. तो तपासून पाहू.

स्कीपटूचे वस्तुमान ७० किलो, म्हणजे वजन सुमारे ६८६ न्यूटन. दोन स्की, प्रत्येकी १.७ मीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद. एकूण क्षेत्रफळ ०.२७ चौरस मीटर. दाब झाला सुमारे २५०० पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा चाळिसावा हिस्सा. एक वातावरण दाब वाढवला तर बर्फाचा द्रवणबिंदू फक्त ०.००७४ अंशाने उतरतो. म्हणजे स्कीखाली तो ०.०००२ अंशाने उतरेल! उणे पाच अंशांचा बर्फ वितळवायला सहाशेहून अधिक वातावरणांचा दाब लागेल. स्की सर्व ठिकाणी सारखी टेकत नाही आणि प्रत्यक्ष टेकणाऱ्या ठिपक्यांवर दाब अधिक असतो, हे मान्य. तरीही नुसत्या दाबाने काम भागत नाही.

मग पाणी येते कुठून? १९३९ साली बाउडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख येथे केलेल्या प्रयोगांतून घर्षणाकडे बोट दाखवले. घर्षणगुणांक ०.०५ आणि वेग सेकंदाला १० मीटर धरा. घर्षणात खर्च होणारी शक्ती येते सुमारे ३५० वॅट, घरातल्या साध्या इस्त्रीच्या जवळजवळ निम्मी. एवढी उष्णता टेकणाऱ्या बारीक ठिपक्यांवर एकवटली की तेथे पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो आणि स्की त्यावरून सरकते. बर्फाच्या पृष्ठभागावर गोठणबिंदूखालीही पाण्यासारखा एक सूक्ष्म थर असतो, ही कल्पना मायकेल फॅरेडे यांनी १८५० साली मांडली होती. त्याचाही यात वाटा आहे.

थोडे पाणी वंगणाचे काम करते. मग जास्त पाणी अधिक चांगले वंगण व्हायला नको का? तसे होत नाही. काचेच्या दोन पट्ट्या ओल्या करून एकमेकींवर ठेवा आणि ओढून पाहा. मधल्या पाण्याचा पृष्ठताण त्यांना धरून ठेवतो. दुपारच्या हिमात पाणी इतके असते की स्कीचा सपाट तळ असाच चिकटतो. यावर उपाय दोन : तळावर गाडीच्या टायरसारख्या बारीक खाचा पाडायच्या, म्हणजे पाण्याला वाट मिळते, आणि पाणी झटकणारे मेण लावायचे. यासाठी पूर्वी फ्लोरीनयुक्त मेणे फार वापरत. ती रसायने निसर्गात लवकर विघटित होत नाहीत, म्हणून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून स्पर्धांत त्यांवर बंदी घातली.

पर्यटकाने एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. झाडांच्या सावलीतले हिम कडक आणि सावलीबाहेरचे ओले, असे पट्टे दुपारी जागोजागी असतात. सावलीतून वेगाने उन्हात आलात की स्की एकदम धरली जाते. पाय अडतात आणि जडत्वामुळे धड पुढेच जाते. गुडघे दुखावण्याचे हे मोठे कारण आहे. सावलीची कड दिसली की आधीच वेग कमी करावा आणि गुडघे वाकवून ठेवावेत.

दुपारनंतरचा धोका

कवच संपल्यावरही ऊन थांबत नाही. वितळलेले पाणी खाली झिरपते, दाण्यांमधले सांधे सुटत जातात. एखाद्या कडक थरावर पाणी साचले, तर वरचा सगळा थर जणू वंगण घातलेल्या फळीवर बसतो. उतार तीव्र असेल, विशेषतः ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान, तर तो थर एकाएकी खाली येतो. हे ओले हिमस्खलन. ताजे हिम दर घनमीटरला ५० ते १०० किलो भरते; वसंतातले जुने हिम ४०० ते ५०० किलो. तुमच्या वर्गखोलीतील अर्धी जागा अशा हिमाने भरली, तर त्याचे वजन किती टन होईल, हे स्वतः काढून पाहा. ओले हिमस्खलन कोरड्यापेक्षा हळू येते, पण वाटेतले सारे ढकलत नेते आणि थांबल्यावर सिमेंटसारखे घट्ट बसते. त्यात गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवायला पहिली दहा-पंधरा मिनिटेच महत्त्वाची असतात.

धोक्याच्या खुणा साध्या आहेत. उतारावरून हिमाचे गोळे आपोआप गडगडत येऊ लागणे, हिमाची चाके गुंडाळत खाली येणे, आणि बूट घोट्यापेक्षा खोल रुतणे. यांपैकी काहीही दिसले की त्या उतारावरचा दिवस संपला असे समजावे. रात्र ढगाळ गेली असेल, तर हे सारे नेहमीपेक्षा दोन-तीन तास आधी सुरू होते. रात्री पाऊस पडला असेल, तर तीव्र उताराकडे जाऊच नये.

आखून दिलेल्या आणि दाबून पक्क्या केलेल्या वाटांवर हा धोका पुष्कळ कमी असतो. गुलमर्गला अफरवतचे मोठे उतार मात्र तसे नाहीत. तेथे स्की पेट्रोलचे लोक सांगतील ते प्रमाण मानावे. डीआरडीओची चंडीगड येथील डीजीआरई ही संस्था जम्मू-काश्मीरसाठी हिमस्खलनाचे इशारे प्रसिद्ध करते, तेही पाहावेत. उतार बंद केला, म्हणून पैसे वाया गेल्याची तक्रार करणारे पर्यटक असतात. त्यांनी वरचा जमाखर्च एकदा मांडून पाहावा.

डोळे आणि कातडी

गारवा असल्यामुळे ऊन जाणवत नाही, आणि तेथेच माणूस फसतो. उंची दर किलोमीटरने वाढली की अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. गोंडोलाच्या टोकाला ते समुद्रकाठच्या मानाने ४० टक्क्यांच्या आसपास जास्त असतात. त्यात हिम ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवते. म्हणजे ऊन वरूनही येते आणि खालूनही. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेला भाजलेले लोक वसंतात हमखास दिसतात.

डोळे उघडे ठेवले तर 'हिमांधत्व' येते. अतिनील किरणांनी डोळ्याचा वरचा पापुद्रा भाजतो. दिवसा काही कळत नाही; काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी येते, उजेड सहन होत नाही. बहुधा एक-दोन दिवसांत ते बरे होते, पण तोवर सहल संपलेली असते. अतिनील किरण अडवणारा, बाजूंनीही झाकणारा चष्मा ढगाळ दिवशीही वापरावा. कपडे एकावर एक, काढता-घालता येतील असे हवेत. सकाळी शून्याखाली आणि दुपारी शर्टावर, असा हा दिवस असतो.

मग जावे की नाही?

जरूर जावे, पण दिवसाची आखणी हिमाच्या वेळापत्रकाने करावी. पहाटे उठून न्याहारी आटोपावी. कडक हिमावर घाई न करता, दाणे सुटू लागेपर्यंत थांबावे. उत्तम वेळ उंचावर घालवावी. एकच्या सुमारास खाली येऊन जेवावे आणि दुपार विश्रांतीला द्यावी. दुपारी तीनपर्यंत स्की करायचीच, असा हट्ट धरू नये.

हिम भरपूर असेलच, याची मात्र आता हमी राहिलेली नाही. काश्मीरचे हिम मुख्यतः हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या पश्चिमी चक्रावातांवर अवलंबून असते. २०२४ च्या जानेवारीत ते कमी आले आणि ऐन हंगामात गुलमर्गचे कुरण उघडे पडले होते. २०२५ साली हिम कमी असल्याने तेथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. सहलीचा बेत फसला तर आपले एवढेच नुकसान होते. पण वसंतातले एक मीटर जाडीचे हिम म्हणजे ४५० मिलिमीटर पाणी, पुण्याच्या वर्षभराच्या पावसाच्या निम्म्याहून अधिक. हे पाणी ओढ्यांवाटे अखेर झेलम नदीला मिळते आणि ते एप्रिल-मेमध्ये हळूहळू येणार, या भरवशावर खोऱ्यातली शेती उभी असते.

घरी करून पाहा

बर्फाच्या गोळ्यासाठी किसतात तसा बर्फ किसून एका वाटीत घ्या. अर्धा भाग झाकण लावून लगेच फ्रीजरमध्ये ठेवा. उरलेला अर्धा दहा मिनिटे बाहेर ठेवून थोडा ओला होऊ द्या, मग चार तास फ्रीजरमध्ये ठेवा. ही ओला करण्याची आणि गोठवण्याची क्रिया दोन दिवसांत पाच-सहा वेळा करा. शेवटी दोन्ही भाग भिंगाखाली ठेवून दाण्यांचा आकार पाहा, आणि चमच्याने दाबून कोणता अधिक टणक आहे ते तपासा. हिवाळ्यातले हिम आणि वसंतातल्या सकाळचे हिम यांच्यातला फरक तुमच्या वाटीत दिसेल.

आणि पुढल्या हिवाळ्यात एका निरभ्र रात्री व एका ढगाळ रात्री गच्चीवर ताटलीत पाणी ठेवून पहाटे त्याचे तापमान मोजा. शेजारी, वर आडोसा असलेल्या जागी, तापमापकाने हवेचे तापमानही घ्या. दोन्ही आकड्यांतला फरक वहीत लिहून ठेवा.